आस्पद

तहसील ठाण्यात मी सव्वीस वर्षं रायटर होतो.
लेखक नव्हे. रायटर.
म्हणजे कार्बन घालून तीन प्रतींत
घडलेलं लिहिणारा,
कधी कधी घडायच्या आधीच.

नवीन पोरगा आला, रोशन हेडाऊ,
मराठी घेऊन बीए झालेला.
पहिल्याच रात्री विचारतो कसा,
"जमादार, संशयी लिहू का संशयित?"
म्हटलं, काय फरक पडते बाप्पा,
दोघंही याच बाकावर बसतात.
"पडते न जी," म्हणे,
"संशयी आपण. संशयित तो."
आणि पेनाला टोपण लावून
माझ्याकडं बघत राहिला.

मी त्याला तिसरा शब्द दिला,
सरकारी, कोणाच्याही मापात बसणारा:
संशयास्पद.
संशयास्पद हालचाली. संशयास्पद वस्तू.
संशयास्पदरीत्या मिळून आला.
हा शब्द घातला की
कोणी कोणावर घेतला ते सांगावं लागत नाही.
संशय आपोआप पडलेला असतो,
स्कुटरच्या सीटवर दव पडावं तसा.

त्याच शब्दावर मी शेषराव निखारेला धरलं.
जानेवारी, रात्रीचे पावणेदोन,
गांधीबागेची शटरं ओढलेली,
कानाला मफलर, काखेत रेक्झिनची पिशवी,
आणि पिशवी वाजत होती.
टिक टिक.

"काय आहे यात?"
"घड्याळ आहे जी."
"रात्री दोनला?"
"मेडिकलला नेऊन राहिलो. वार्ड चोवीस.
मायले झोप येत नाही याच्या आवाजाबिगर."

इतकं साधं उत्तर
मी कधीच खरं धरलं नव्हतं.
बसवलं त्याला.

रोशननं लिहिलं:
एक जुने टेबल-घड्याळ, हिरवे, काचेस तडा,
मागील एक पाय नाही, चालू स्थितीत.
मग आम्ही तिघं त्या चालू स्थितीकडं
बघत बसलो.
तीन पायांवर ते जरा कललेलं होतं,
कुणाचं तरी ऐकत असल्यासारखं.

पहाटे पाचला ते वाजलं.
आख्खं ठाणं उठलं, लॉकअपमधलेही.
शेषरावनं हात पुढं करून
सवयीनं कळ दाबली.
"हे तिच्या उठायची वेळ," म्हणाला.

वार्डात फोन लागला साडेपाचला.
हो, सिस्टर म्हणाली, चोवीसमध्ये आहे बाई,
रात्रभर जागी.

पिशवी परत केली. सही घेतली.
मी स्वतः चहा मागवला त्याच्यासाठी.
त्यानं आधी कपाकडं पाहिलं,
मग माझ्याकडं,
मग परत कपाकडं.
प्यायला नाही.

दोन दिवसांनी रोशन शब्दकोश घेऊन आला,
बर्डीच्या फुटपाथवरचा, पुठ्ठा नसलेला.
"आस्पद म्हणजे जागा, जमादार.
संशयास्पद म्हणजे संशयाची बसायची जागा."
म्हटलं, बरं.
मग ती कुठं होती त्या रात्री, पिशवीत का खुर्चीत,
हे त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर
मी त्याला झापलं असतं, आणि विषय संपला असता.

आता मानेवाड्याला असतो, दोन खोल्यांत.
दुधाचं माप बघतो. सिलेंडर हलवून बघतो.
सून फोनवर हळू बोलली की पंखा बंद करतो.
बायकोला संशयी, संशयित काही लागत नाही,
ती शक्की म्हणते.
हिंदीतून आलेला शब्द,
पण इथंच राहतो, आमच्याच रेशन कार्डावर.

मनात पाल चुकचुकते म्हणतात लोक.
आमच्याकडं ती टिकटिकते.

आणि एक सवय लागली आहे.
कुठंही बसायच्या आधी
जागा हातानं झटकून घेतो.
बायको म्हणते,
काऊन झटकता? आत्ताच तर पुसलं मी.